एकसष्ट कागद

आमच्या चिरंजीवांचा फोन एरवी रविवारी यायचा. ही गेल्यापासून तो कधीही येतो. त्या बुधवारी मी जेवून ताट विसळत होतो, तेव्हा आला. हात ओले होते, म्हणून फोन ओट्यावरच ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, आईचे ते फोटो पाठवा ना."

"कुठले रे?"

"हॉस्पिटलमधून घरी सोडलं होतं ना, त्या अकरा दिवसांतले. मला फोनवर सांगायची, आज असा काढला, आज तसा काढला. म्हणायची, आत्ता नाही दाखवणार, सगळे एकदम बघ. आणि मी बघितलेच नाहीत, बाबा."

तो विमानाने सोळा तासांवर असतो. रजा, तिकीट जमवून तिकडून निघून पोचेपर्यंत इथलं सगळं उरकलं होतं. जुने फोटो त्याच्याकडे ढीगभर आहेत. पण आजारी पडल्यानंतरची आई त्याने पाहिलीच नाही, आणि ती फक्त त्या फोटोंत होती.

"संध्याकाळपर्यंत पाठवतो," मी म्हणालो. अगदी ऐटीत म्हणालो.

ऐट होतीच मला. चौतीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. साहेब आले नि गेले, पण मागितलेला कागद चार मिनिटांत टेबलावर आला नाही असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर चिरंजीवांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेऊन दिला, आणि मी घरातला चिटोरा न् चिटोरा स्कॅन करत सुटलो. दाखले, करार, गुणपत्रिका. भंगारात गेलेल्या वॉशिंग मशीनचं हमीपत्रसुद्धा. ही म्हणायची, "अहो, मी हरवले तर कुठल्या कपाटात शोधाल, तेवढं आत्ताच सांगून ठेवा." मी म्हणायचो, "तुला कोण नेतंय!"

हात पुसले, कॉम्प्युटर लावला आणि 'कॅमेरा' नावाचं फोल्डर उघडलं. माझ्याकडे कॅमेऱ्याचं फोल्डर एकच. पहिल्या नंबरचा फोटो उघडला, तर तो रक्ताच्या तपासणीचा कागद निघाला. दुसरा, लघवीच्या तपासणीचा. तिसरा, छातीचा एक्स-रे, खिडकीच्या काचेला चिकटवलेला. मला वाटलं, फोल्डर चुकलं. बाहेर आलो, पुन्हा गेलो. चौथा, पाचवा, दहावा, तिसावा. सगळे कागद. मी चष्मा पुसला. चष्म्यात काही नव्हतं.

एकसष्टपर्यंत कागदच होते. बासष्टावा एकच फोटो वेगळा होता. तो नंतर सांगतो.

त्या अकरा दिवसांचं आधी सांगायला हवं. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी हिने स्वतः कपाटातून कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "काढा माझे. पोराला दाखवायचेत. आणि हो, फोनने नको, फोनमध्ये माझं नाक मोठं येतं." नाक मुळातच मोठं होतं, पण ते बोलायची माझी छाती नव्हती. केस गेले होते, म्हणून डोक्याला रुमाल बांधायची. एकदा तो तिरका बांधून, एक डोळा मिटून, हातात कालथा घेऊन उभी राहिली. म्हणे, मी समुद्री चाचा. एकात टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती, आणि मी बटण दाबतोय तेवढ्यात एक वाटाणा माझ्या कपाळावर मारला. एकात चहाच्या कपाने कुंडीला पाणी घालत होती. एकात पेपर तोंडावर घेऊन झोपली होती. झोपली कसली, पेपरखाली खुसखुसत होती, पेपर हललेला दिसायचा. रोज सहा-सात व्हायचे. पाय सुजलेले असायचे, पण फोटोची वेळ झाली की अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी ते सगळे बासष्ट फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एकेक मोजून घेतला. मग निश्चिंत झालो.

अकराव्या दिवशी सकाळी चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, इथले एक मोठे डॉक्टर आईचे रिपोर्ट बघायला तयार झालेत. उद्या ते गावाला चाललेत. आजच पाठवा. आत्ताच बसा. सगळे पाठवा, एकही गाळू नका."

गाळणार कोण? फाईल तयारच होती. एकसष्ट कागद, प्रत्येकावर लाल पेन्सिलीने नंबर. स्कॅनरला एका कागदाला मिनिट लागायचं, आणि एक्स-रेच्या फिल्मा त्याच्या काचेवर मावत नव्हत्या. म्हटलं, कॅमेऱ्यानेच काढू. फिल्मा खिडकीला चिकटवल्या, कागद टेबलावर ठेवले. त्याआधी मी एक काम केलं. कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकलं. फोटो कॉम्प्युटरवर होतेच, आणि कार्ड कोरं केलं की आमचा कॅमेरा पुन्हा एकपासून मोजतो. म्हणजे कागद नंबर एक, फोटो नंबर एक. कागद बेचाळीस, फोटो बेचाळीस. केवढा खूश झालो होतो मी माझ्या डोक्यावर!

ते कॉम्प्युटरवर घेताना त्याने विचारलं, या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही नवी ठेवायची का?

आता माझ्या चौतीस वर्षांचं ऐका. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एका नंबरवर एकच कागद. त्याच नंबरचा नवा कागद आला, याचा अर्थ तो दुरुस्त केलेला कागद. जुना काढायचा, फाडायचा, नवा लावायचा. जुना चुकून फायलीत राहिला तर साहेब सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायचे. हाताला वळणच पडलं होतं. कॉम्प्युटरने विचारलं आणि मी 'सगळ्यांना हो' दाबलं. वाचलंसुद्धा, समजलंसुद्धा, आणि दाबलं. शेजारच्या खोलीत ही हाक मारत होती, "झालं का हो तुमचं?" मी ओरडलो, "झालं, झालं!"

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. आता काही करण्यासारखं नाही, असं दोन ओळींत कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिला परत न्यावं लागलं. चौथ्या दिवशी ती गेली.

हे सगळं मला त्या बुधवारी खुर्चीत बसल्या बसल्या उलगडत गेलं, पण खरं वाटेना. चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एक बाई चालवतात. कार्ड आणि कॉम्प्युटर, दोन्ही रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. चिरंजीवांचा गुरुवारी फोन आला. मी म्हणालो, इंटरनेट बंद आहे. शुक्रवारी आला. म्हणालो, अजून बंदच आहे. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे दोन्ही वेळा तेच खोटं बोललो.

शनिवारी बाईंनी मला स्टुलावर बसवलं. "काका, नुसतं पुसलं असतं ना, तर काढून दिलं असतं. पण पुसून त्याच्यावर दुसरं लिहिलंय. कार्डावरही, कॉम्प्युटरवरही. पाटी पुसून वर लिहिलं की खालचं कसं वाचणार?"

"काहीच नाही होणार?"

"सगळं करून बघितलं, काका." मग वायर गुंडाळता गुंडाळता त्यांनी सहज विचारलं, "एवढ्या घाईत कोणाला हवे होते हो हे रिपोर्ट?"

तोपर्यंत मी फक्त स्वतःला शिव्या घालत होतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिपोर्ट पोराने मागितले होते. 'आत्ताच बसा' तो म्हणाला होता. 'माझ्या आईचे फोटो माझ्याच घाईपायी गेले' हे त्याला कळलं तर? त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवरचं, त्याला अर्ध्या वाक्यात कळेल. आधीच, 'मी वेळेवर पोचलो नाही' हे ओझं तो घेऊन फिरतोय. त्यावर हे एक. मी कितीही ओरडून सांगितलं की चूक माझी, 'हो' मी दाबलं, तरी तो ते स्वतःच्याच नावावर घेणार. आईवर गेलाय तो.

घरी आलो, कॉम्प्युटर पुन्हा जोडला आणि ठरवलं. माझ्यावर रागावला तर रागावू दे. म्हातारा बाप, किती दिवस राग राहणार?

मग बासष्टावा फोटो उघडून बसलो. कागद एकसष्टच होते, म्हणून तेवढा एक वाचला. तो हिने काढलेला आहे. दहाव्या दिवशी दुपारी माझ्याकडून कॅमेरा मागून घेतला होता. फोटोत मी आहे, पलंगाशेजारच्या खुर्चीत. मांडीवर फाईल, हातात लाल पेन्सिल, मान खाली. टक्कल छान चमकतंय. खालच्या कोपऱ्यात हिच्या गुडघ्यांवरचं पांघरूण दिसतं. हिचं म्हणून तेवढंच.

ती म्हणाली होती, "अहो, इकडे बघा ना."

मी म्हणालो होतो, "थांब गं, नंबर चुकेल."

ती थांबली. बराच वेळ थांबली असावी. पुन्हा म्हणाली, "बघा ना एकदा." मी बोट वर केलं, थांब म्हणून. ते बोटही फोटोत आलंय. मग तिने तसाच काढला. तिला त्या दुपारी जे दिसत होतं ते हे. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको एकदा बघ म्हणते, आणि हा गाढव कागदांवर नंबर घालतोय. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हा फोटो तरी पोराला पाठवावा, असं फार वाटलं. आईच्या हातचा आहे. पण पाठवला की नावातला नंबर बघून तो विचारणार, बासष्टावा आहे तर आधीचे एकसष्ट कुठे गेले? आणि एकसष्ट हा आकडा त्याला माहीत आहे. रिपोर्ट पाठवताना मीच लिहिलं होतं, 'एकूण कागद एकसष्ट, मोजून घेणे.'

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, झालं का इंटरनेट सुरू?"

"झालं. पण ऐक. ते फोटो नाहीत रे."

"नाहीत म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर घ्यायचे राहिले. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिलो. आणि मग कार्ड पुसलं गेलं. बटण चुकलं."

"कधी?"

"बरेच दिवस झाले. तू रिपोर्ट मागितलेस त्याच्या आधीच."

"तुमचं बटण चुकलं?" त्याला पटत नव्हतं. "तुमचं?"

"म्हातारा झालो रे."

मग तो एकदम लहान आवाजात म्हणाला, "एक तरी राहिला असेल, बाबा. हललेला, अर्धा, कसलाही. ती म्हणाली होती, सगळे तुझ्यासाठी काढतेय. नीट बघा ना. एक तरी."

बासष्टावा समोर उघडा होता. हिचं पांघरूण दिसत होतं.

"एकही नाही," मी म्हणालो.

पलीकडून रडण्याचा आवाज आला. शाळेत पहिल्यांदा सोडलं तेव्हा असा रडला होता, त्यानंतर माझ्यासमोर कधी नाही. मला सांगावंसं वाटलं, कालथा घेतलेल्या चाच्याचं, कपाळावर बसलेल्या वाटाण्याचं, सगळं एकेक करून सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडलं असतं तर बाकीचंही बाहेर पडलं असतं.

"लोकांचे कागद चौतीस वर्षं सांभाळलेत तुम्ही," तो म्हणाला. "माझी आई नाही सांभाळता आली तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. पण त्याने फोन आधीच ठेवला होता.

त्याला आता पाच आठवडे झाले. रविवारी सूनबाई फोन करते. जेवलात का, औषध घेतलंत का, विचारते. मी विचारलं की म्हणते, "ते बाहेर गेलेत, बाबा." चांगली पोर आहे, तिलाही खोटं बोलता येत नाही. मागून त्याचा खोकला ऐकू येतो. मी बोलणं लांबवतो, तिकडच्या हवेचं विचारतो, भाज्यांचं विचारतो. खोकला कोरडा आहे की छातीत उतरलाय, तेवढं कान देऊन ऐकून घेतो, आणि मग ठेवतो.