नाकावरचा फेस

दादा दुकानात बोलायचा तो आरशाशी. म्हणजे गिऱ्हाइकाशीच, पण आरशातल्या. न्हाव्याच्या धंद्यात ही सवय लागतेच. माणूस आपल्याकडे पाठ करून बसलेला, तोंड काचेत, मग हसणं, डोळा मारणं, टोमणे, सगळं काचेतूनच. दादा आणि त्याचा धाकटा भाऊ वीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांमागं उभे राहून एकमेकांशीसुद्धा तसेच भांडले. थेट तोंडाकडे बघून भांडण्याची वेळ एकदाच आली, आणि तीच नडली.

त्या सकाळी धाकट्यानं विषय काढला, "दादा, मी वेगळं दुकान टाकतोय." झालं! वस्तरा धरायला कुणी शिकवलं, पहिल्याच गिऱ्हाइकाचा गाल कापलास तेव्हा हातापाया कोण पडलं, सगळी उजळणी झाली. धाकट्याचीही जीभ सुटली. "मग काय, जन्मभर तुझी हमाली करत मरू?" असं तो बोलून गेला. दादा रागारागानं स्टुलावर चढला आणि दारावरची पाटी पुसायला लागला. कालच पुसलेली पाटी, पण रागाला काहीतरी काम लागतंच ना. स्टूल कलंडलं आणि दादाचं डोकं पायरीवर आपटलं.

दादा वाचला. डोक्याच्या डाव्या बाजूचा हाडाचा तुकडा काढावा लागला, तिथं खळगा राहिला. तोंड एका बाजूला ओघळलं. दोन महिन्यांनी घरी आणला तेव्हा तो खायचा, झोपायचा, उन्हात खुर्ची ठेवली की सुखानं डोळे मिटायचा. आणि हसायचा. बायको खोलीत आली की हसायचा, घास पुढे आला की हसायचा, खिडकीवर पाखरू बसलं तरी हसायचा. बोलणं मात्र नाही. हाक मारली तर मान वळायची, पण ती कुणाच्याही हाकेला वळायची.

डॉक्टर भला माणूस होता, आडपडदा न ठेवता बोलला. "त्यांना जाग आहे. भूक कळते, थंडी कळते, माया कळते. पण हे सगळं ज्याला होतंय तो मीच, हे कळतंय का, ते सांगता येत नाही. जागं असणं वेगळं आणि स्वतःची ओळख पटणं वेगळं. तान्ह्या बाळाच्या नाकाला रंग लावून आरशासमोर धरा, ते काचेतल्या बाळाचं नाक पुसायला जाईल. थोडं मोठं झालं की आपलं पुसतं."

वहिनीनं हे ऐकलं आणि सोडून दिलं. धाकट्याच्या मात्र ते डोक्यात बसलं.

कारण काय, तर त्याला माफी हवी होती. उगाच त्याला भावाची ओढ वगैरे म्हणून गोंजारायला नको. ओढ होतीच, पण त्या ओढीच्या आत ती सकाळ रुतून बसली होती. रोज संध्याकाळी दादाच्या पायाशी बसून तो म्हणायचा, "दादा, चुकलो रे मी." दादा हसायचा. पण पाखरालाही तसाच हसायचा की! असल्या हसण्यानं कुणाचं ओझं उतरतं का? माफ करायला समोर माणूस तर पाहिजे. मी अमुक, माझा हा भाऊ, यानं माझ्या वर्मी घाव घातला, एवढं ज्याला ठाऊक आहे तोच माफ करणार.

घरात वहिनीनं आरसे काढून ठेवले होते. धाकटा म्हणाला, "वहिनी, दुकान बंद असतं त्या दिवशी दादाला नेतो. नीट दाढी करतो."

"इथंच करा की."

"खुर्चीवर बरी होते."

वहिनीनं त्याच्याकडे रोखून बघितलं. "भाऊजी, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. तीस वर्षांच्या संसारात हे माझ्याकडे बघून जेवढे हसले नव्हते, तेवढे घरी आणल्यापासून हसलेत. सुखात आहेत ते. राहू द्या ना."

"नुसती दाढी करतो, वहिनी," धाकटा म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज जरा जास्तच गोड झाला.

पहिल्या आठवड्यात त्यानं दादाला त्याच्याच खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, दाढी उरकली आणि नाकाच्या शेंड्यावर साबणाचा फेस तसाच ठेवला. दादानं काचेतल्या माणसाकडे पाहिलं आणि ओळखीचं गिऱ्हाईक आल्यासारखा तोंडभर हसला. मग टॉवेल उचलला आणि हात लांब करून काचेतल्या नाकावर हळुवार फिरवला. वर मान तिरकी करून काम नीट झालं का तेही बघितलं. हाताला धंदा आठवत होता, पण धंदा करणारा कुठंच नव्हता. धाकटा मोरीवर तोंड धुवायच्या निमित्तानं रडला.

दुसऱ्या आठवड्यात तेच. तेव्हाच थांबायला हवं होतं त्यानं. पण नाही! माणूस एकदा स्वतःच्या गरजेला लागला की त्याला थांबा म्हणायला आत कुणी उरत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दादानं टॉवेल उचलला, आणि हात अर्ध्यावर थांबला. काचेतल्या माणसाचाही थांबला. दादानं हात डावीकडे नेला, उजवीकडे नेला. मग टॉवेल सोडून सावकाश स्वतःच्या नाकाला लावला आणि बोटावरचा फेस बघत राहिला. धाकटा पुढे झाला. "दादा!"

दादाचं बोट नाकावरून गालावर गेलं, ओघळलेल्या ओठाच्या कोपऱ्यावर गेलं, तिथून वर, त्या खळग्यात. तिथं ते थांबलं. चेहऱ्यावरचं हसू असं गेलं की पुन्हा आलंच नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द निघाला. जड, बोबडा, पण स्पष्ट कळेल असा.

"हा मी?"

धाकटा गुडघ्यांवर बसला. आनंदानं त्याला काही सुधरेना. "हो दादा, तूच! मी छोट्या. दादा, चुकलो रे त्या दिवशी, नको ते बोललो. माफ कर मला."

दादानं काचेतून त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याच्याकडेच पाहिलं. हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली. मिळाली माफी. मनापासून मिळाली. आणि मग दादानं तोच हात आपल्या तोंडावर घेतला आणि गळ्याभोवतीचं कापड वर ओढून सगळा चेहरा झाकून घेतला.

घरी वहिनी दारातच उभी होती. नेहमीसारखं तिनं "आलात का?" म्हटलं आणि उत्तरादाखल हसू येईल म्हणून थांबली. दादानं तिला ओळखलं. ओळखलं म्हणूनच तोंड फिरवलं. रात्री तिनं घास पुढे केला तर त्यानं ओठ मिटले. स्वतः चमचा धरायला गेला, सगळं अंगावर सांडलं, आणि तो बायकोसमोर लाजेनं ढसाढसा रडला. तिनं त्याचं अंग पुसलं.

दिवस गेले तशी दादाला थोडी वाचा येत गेली. डॉक्टर खूश होता, प्रगती म्हणत होता. एका दुपारी धाकटा त्याच्याजवळ बसला होता. वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होती.

"किती दिवस होतो मी तसा?" दादानं विचारलं.

"सात महिने."

"काही कळत नव्हतं मला?"

"कळायचं. ऊन आवडायचं तुला. वहिनी आली की हसायचास."

दादानं खिडकीतून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे बरा होतो."

धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. पण ज्यानं एवढ्या मोठ्या मनानं माफ केलं त्याच्याशी कसं बोलणार? "हो दादा. मजेत होतास."

"मग मला उठवलंस कशाला रे, छोट्या?"