तिसऱ्या गिअरमधला आत्मा

"टिकला! गिअर टिकला!" चढणीवर जमलेली गर्दी ओरडली, आणि मठाच्या महाराजांनी जुन्या मोटारीतूनच हात वर करून आशीर्वाद दिला. गिअरच्या दांडीला त्यांनी काळा दोरा बांधला होता. काल-परवापर्यंत हीच दांडी चालत्या गाडीत गिअरमधून आपोआप सुटत होती.

मोटार अण्णांची. मुलीशी कडाक्याचं भांडण झालं आणि ते मिटायच्या आत अण्णा झोपेतच गेले. त्यामुळे "दांडी त्यांचा आत्मा ओढतोय. गाडी मठाला द्या, नाहीतर तो नातीला घेऊन जाईल," असं महाराज म्हणाले, तेव्हा मुलीला ते खरंच वाटलं. नात म्हणजे तिचीच पोर.

"देऊन टाक गं," आई रडत म्हणाली. "लोखंडापायी लेकरू घालवायचं का?"

मुलीचा होकार ओठांवर आलाच होता. पण भीतीपोटीच ती बोलून गेली, "महाराज, एकदा खाली नेऊन दाखवा ना. जिवाला बरं वाटेल."

"चढणीला देव सोबत असतो, मुली. उतरणीला माणसाने पायीच जावं," म्हणत महाराज गाडीबाहेर आले. लोकांनी माना डोलावल्या.

मग तीच बसली. उतारावर महाराजांसारखाच तिसरा गिअर टाकून तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. फटकन दांडी सुटली! दोरा जागच्या जागी, आणि गाडी मोकाट. कसाबसा ब्रेक लागला. तिने पुन्हा तिसरा टाकला आणि या वेळी ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. दांडी हलली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला, तरी हलली नाही.

"अण्णांचा राग काय फक्त तिसऱ्या गिअरवर? तोही पाय उचलला तरच?" तिने गॅरेजवाल्या मावसभावाला हाक मारली.

त्याने गिअरबॉक्सचं झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. "तिसऱ्याचे दाते झिजलेत, गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग मोडलीय. इंजिन ओढत असेल तोवर दाते घट्ट बसतात. पाय उचलला की उलटा जोर येतो आणि गिअर निसटतो. म्हणून तर महाराज फक्त चढ चढतात!"

सगळे वळले, तोवर महाराज पायीच उतार गाठून पसार झाले होते.

"मी अजूनही घाबरलेय," मुलगी लोकांना म्हणाली. "तुम्हीही घाबरा. पण आधी झाकण उघडून बघा."

आईने हळूच विचारलं, "म्हणजे तुझे अण्णा तुझ्यावर रागावले नव्हते?"

"रागावले होते, आई. पण गेलेला माणूस गिअर काढत नाही."

अण्णा गेल्यापासून ती नुसती भीत होती. आता पहिल्यांदाच रडली.