कार्ड दिसतंय, आवाज नाही

भाऊजी संगणकाला पळतं करायला म्हणून बसले आणि त्याची वाचा घालवून उठले.

संगणक वहिनींच्या दवाखान्यातला. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत टेबल, मायक्रोफोन आणि दोन स्पीकर. अर्धांगवायूच्या झटक्याने ज्यांचं बोलणं गेलंय, अशा माणसांना वहिनी पुन्हा बोलतं करत. संगणक इतका म्हातारा झाला होता, की तो उघडेपर्यंत समोरचा पेशंट पेंगायला लागे. तेव्हा नवरा म्हणाला, "धाकट्याला सांगतो. तो करेल."

धाकट्याने, म्हणजे भाऊजींनी, जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घातली.

"फुकट मिळतं म्हणे हे?" वहिनींनी विचारलं होतं.

"फुकट नाही वहिनी, मुक्त. दोन्हींत फरक आहे." आणि तो फरक त्यांनी चहावर साय धरेपर्यंत समजावून सांगितला.

संगणक पळायला लागला, हे कबूल करायला हवं. फक्त आवाज येईना. आणि वहिनींचं सगळं काम आवाजावर. पेशंट एक शब्द म्हणणार, संगणक तो टिपून घेणार, आणि पेशंटने तो लगेच स्वतःच्या कानांनी ऐकायचा. आपलं बोलणं कुठे अडखळलं ते त्याला त्यातून कळतं. मध्यंतरी त्यांनी मोबाइलवर भागवून पाहिलं. पण लिलाववाल्या काकांनी त्यातला आपला पातळ, पत्र्यासारखा आवाज ऐकला आणि तोंड फिरवलं, ते त्या दिवशी परत वळवलंच नाही.

हे काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला ऐकू यायचा, असं त्यांची मुलगी सांगे. आता त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, "तेच". पाणी हवं असलं तरी तेच, डोकं दुखलं तरी तेच, मुलगी रडली तरी तेच.

भाऊजी येत, स्क्रीनवर काळी खिडकी उघडत आणि काहीबाही टाइप करत. "बघा, कार्ड दिसतंय," ते म्हणत. "साऊंड कार्ड सिस्टिमला सापडलंय."

"दिसतंय ना? मग मला ऐकू का येत नाही?"

"तो वेगळा प्रश्न आहे."

वहिनींना तो वेगळा प्रश्न वाटत नव्हता. त्यांना तो एकच प्रश्न वाटत होता.

भाऊजींनी इंटरनेटवरच्या मंडळींना विचारलं. एकाने उलट विचारलं, तुमची लिनक्सची आवृत्ती कोणती. दुसऱ्याने ऐकवलं, ही आवृत्ती मुळात घ्यायचीच कशाला. तिसऱ्याची हीच अडचण होती आणि ती सुटलीही होती. कशी, ते मात्र तो लिहायला विसरला होता. खाली नुसतं "जमलं, आभार". त्या माणसाला वहिनींनी मनातल्या मनात लाखोली वाहिली. घरी नवऱ्याला सांगायला गेल्या तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "अगं, तो करेल." त्याच्या पुढ्यातलं ताट उचलताना त्यांनी जरा जास्तच आवाज केला.

दुसऱ्या दिवशी काकांची वेळ सकाळची होती. ते मुलीच्या खांद्यावर हात टाकून जिना चढून आले, तेव्हा भाऊजी टेबलाखाली होते. बाहेर फक्त त्यांचे मोजे दिसत होते.

"भाऊजी, पेशंट आलेत."

"झालंच वहिनी."

"हे झालंच मी कधीपासून ऐकतेय. उठा आता. मी आपली तोंडानेच सराव करून घेते त्यांच्याकडून."

"मायक्रोफोन चालू झालाय, तो टिपतोय. फक्त बाहेर ऐकू येत नाही. पाचच मिनिटं."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेशंटसमोर बोलता येईना. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, मुलीला पाणी दिलं आणि दात आवळून उभ्या राहिल्या. भाऊजी टेबलाखालून निघाले, केसांना जळमट घेऊन. पडद्यावर आवाजाच्या जेवढ्या पट्ट्या सापडल्या तेवढ्या त्यांनी शेवटपर्यंत वर सरकवल्या. शांतता. मग ते स्क्रीनच्या मागे वाकले आणि तिथली केबल बोटाने चाचपत राहिले.

"काय झालं?"

"वहिनी, रागवू नका. आवाज इतके दिवस येतच होता. तो या केबलमधून स्क्रीनकडे जात होता."

"मग स्क्रीनमधून यायला हवा होता."

"या स्क्रीनला स्पीकरच नाही."

वहिनींनी कपाळाला हात लावला. आवाज कुठून काढायचा त्याच्या यादीतलं दुसरं नाव, स्पीकरचं, भाऊजींनी निवडलं, त्यापुढची गप्प केल्याची खूण काढली. पट्ट्या तशाच वर होत्या, आणि मायक्रोफोन स्पीकरच्या तोंडाशी होता.

स्पीकरमधून जी किंकाळी फुटली तिने खिडकीची तावदानं थरथरली. मुलीने कान झाकले. भाऊजींच्या हातातून माऊस सुटला आणि तो टेबलावरून खाली लोंबकळू लागला. किंकाळी थांबेना. आणि तिच्यावरून, तिच्यापेक्षा मोठा, भरदार आवाज आला:

"अरे बंद कर ना ते, बहिरा आहेस का!"

वहिनींनी स्पीकरची पिन उपटली. खोलीत सगळे काकांकडे बघत होते. काकाही सगळ्यांकडे बघत होते, हे कोण बोललं अशा नजरेने.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"तेच," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला.

वहिनींना हे ठाऊक होतं. ठरवून बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडून संतापाच्या भरात आख्खं वाक्य सुटून जातं. त्याला बरं होणं म्हणत नाहीत. पण त्यातून धरायला काहीतरी मिळतं.

"भाऊजी, हे टिपलं गेलं?"

भाऊजींनी मान डोलावली. त्यांनी पट्ट्या खाली आणल्या, वहिनींनी पिन लावली. खरखर आली, भाऊजींच्या कपाळावर घाम आला, खरखर गेली, आणि मग त्या किंकाळीवरून काकांचा आवाज खोलीभर पसरला. पातळ नव्हता. बाजारातला होता. मुलीने ओढणी तोंडाला लावली.

काकांनी बोटाने खूण केली. पुन्हा लाव. त्यांनी ते परत परत ऐकलं, आणि दर वेळी "बहिरा आहेस का"ला भाऊजींकडे पाहून हसले.

"आता यातला एकच शब्द घेऊ," वहिनी खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या. "बंद. माझ्या ओठांकडे बघा, काका. बं."

काकांनी ओठ मिटले. गाल फुगले, मान ताठ झाली. "ते..." आलं. त्यांनी मांडीवर मूठ आपटली.

"परत. बं."

"ब," काका म्हणाले.

संगणकाने तो टिपला आणि स्पीकरमधून परत दिला, काहीही न गाळता. काकांनी कान दिला, मान हलवली आणि न सांगता पुन्हा ओठ मिटले.

भाऊजी दाराशी सरकले होते. हळूच म्हणाले, "वहिनी, एक नवा अपडेट आलाय. आता हात लागलाच आहे तर..."

"त्या कीबोर्डला बोट लावलंत," वहिनी काकांच्या ओठांवरची नजर न काढता म्हणाल्या, "तर पुढच्या पाळीला काकांच्या खुर्चीत तुम्ही बसाल. जा, घरी जेवून घ्या."