भावाच्या वाट्याचा रोट

आमच्या अंगणात सिनेमाचं शूटिंग आलं ते माझ्या लेकामुळे, भाग्येशमुळे. तळोद्याचा जाकीर अहिराणीत जुन्या काळचा सिनेमा काढत होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या चुडामण पाटलाचं काम त्याने भाग्येशला दिलं होतं.

शेवटच्या दिवशीचा प्रसंग मोठा अवघड. पाटलाचा धाकटा भाऊ लढाईत पडलाय. फौजेने धान्य लुटलंय, घरात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट तेवढे उरलेत. अशात दारी एक जखमी, उपाशी शिपाई येऊन पडतो. भावाला मारणारा तोच. पाटील त्याला रोट देतो.

हे ऐकताच माझ्या थोरल्या जाऊबाई, भिकुबाई, खाटेवरून उठल्या.

"काय रे जाकीर, कानबाईना रोट भाऊबंद सोडीसन बाहेर जातस का कधी?"

"काकू, सिनेमा शे तो."

"सिनेमा तुन्हा व्हई. आंगण मन्हं शे."

जाकीर नरमला. "बरं, मंग भाकर देऊत त्याले."

"भाकर देवामा पाटीलनं काय जास?" भाग्येश म्हणाला आणि माझ्याकडे चुलीपाशी आला. मी शूटिंगसाठीच रोट लाटत होते.

"माय, पाटीलना जागावर तू काय करतीस?"

तीस वर्षं मी कानबाईचे रोट केले, एकही तुकडा कुळाबाहेर दिला नाही. आणि माझ्या दारातून उपाशी माणूसही कधी परत गेला नाही. मग खरं होतं तेच सांगितलं. रोटांचे गहू घरातल्या माणसांमागे सव्वा मूठ मोजतात. सासरे गेले त्या श्रावणात सवयीने माझ्या हातून त्यांचीही मूठ मोजली गेली. ती परत काढणं जिवावर आलं. त्यांच्या वाट्याचा रोट तसाच देवीपुढे राहिला, कोणाच्याच घशाखाली उतरेना.

भाग्येश जाऊबाईंपुढे जाऊन म्हणाला, "मोठी माय, एकदाव देखी ले. नही पटनं तर मी कामच सोडस."

कॅमेरा सुरू झाला. शिपायाचं काम धडगावकडचे वीरसिंग मास्तर करत होते. ते उंबऱ्याशी पडले. भाग्येशने एक रोट उचलला आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरून ठेवला.

"हाऊ मन्हा भाऊना वाटा शे," तो म्हणाला. "त्याले तू मारं. आते त्याना वाटा तुले खाना पडी. आन खादा, म्हणजे त्यानं कामबी तुलेच करनं पडी. उद्यापासून मन्ही माय तुन्ही माय."

कागदावर हे नव्हतंच. मास्तरांनी घास तोंडात घातला, पण चावेना. डोळ्यांतून पाणी आलं. जाकीर थांबा म्हणायचं विसरला.

सगळे जाऊबाईंकडे पाहू लागले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तांब्या उचलला आणि मास्तरांपुढे ठेवला. "पाणी पे भाऊ, घास अटकी जाई." मग माझ्याकडे वळून हळूच, "पोऱ्या तुन्हा म्हनू का मन्हा?"

"तुमनाच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात जाकीर म्हणाला, "भाग्येश, उजेड बरा शे. अजून एकदाव करूत."

"नही जाकीरभाऊ," माझा लेक म्हणाला. "भाऊना वाटा एकच व्हता."