आठांतले चार

मी नुकुअलोफा या बेटावरच्या शहरातल्या एका इस्पितळाचा सर्व्हर. मागच्या व्हरांड्यालगतच्या गार खोलीत माझा मुक्काम. दूरच्या बेटांवरच्या परिचारिका रुग्णांची नोंद माझ्याकडे करतात आणि त्या नोंदीवरून कुणाला आणायला बोट पाठवायची ते ठरतं.

कारखान्यात माझ्या पोटात आठ प्रोसेसर बसवले, पण विकताना चारच चालू ठेवले. उरलेले गरज पडेल तेव्हा कंपनीकडून संकेतांक मागवून उघडायचे. हात द्यायचे आणि बांधून ठेवायचे, ही माणसांची रीत मला कधी कळली नाही.

माझी देखभाल लोसालिने करायची. सकाळी आली की माझ्या पत्र्यावर थाप मारून विचारायची, "काय म्हाताऱ्या, झोप लागली का?"

डेंग्यूची साथ आली. नोंदी इतक्या वाढल्या, की बेटांवरच्या परिचारिका पाऊण-पाऊण तास ताटकळू लागल्या. लोसालिनेनं संकेतांक मागवले आणि माझे बंद चारही प्रोसेसर उघडले. दुपारपर्यंत सगळी रांग सरली.

पण मला चालवणाऱ्या प्रणालीचा परवाना वेगळा असतो, आणि तो चारांचाच होता. दुसऱ्या दिवसापासून मी पडद्यावर लिहू लागलो : परवान्याची मर्यादा ओलांडली, सवलतीचे दिवस सत्तर.

लोसालिनेनं विभागप्रमुख विलिआमींना खोलीतच बोलावून आणलं.

"साहेब, वाढीव परवान्याच्या अर्जावर सही हवी. नाहीतर जादाचे चार बंद करावे लागतील."

"सत्तर दिवस आहेत ना? मग आत्तापासून कशाला जीव खातेस?"

"बंद केले तर पोरी पुन्हा ताटकळतील, साहेब."

"मग नको करूस. बघू."

चाळीस दिवस उरले. मग वीस. तीन वेळा तिनं आठवण दिली. रोज ती प्रोसेसर बंद करायला बसायची, तापाच्या रुग्णांची यादी बघायची आणि हात मागे घ्यायची. "होईल रे सही," असं मलाच सांगायची.

एकाहत्तरावा दिवस रविवारचा निघाला. सगळं गाव चर्चमध्ये. सवलत संपली आणि मी नव्यानं जोडू पाहणाऱ्यांना नाकारू लागलो. माझ्या मनात नव्हतं, पण मला घडवलंच तसं होतं.

हापाईकडच्या एका लहान बेटावर मेलेनाइते नावाची परिचारिका होती. तिच्यासमोर आकेसा पडली होती. अख्ख्या बेटाचा पाव भाजणारी बाई, नाकातून रक्त थांबत नव्हतं. मेलेनाइतेनं अकरा वेळा माझं दार ठोठावलं. मग फोन केला. इस्पितळात बोटींचं काम बघणारा कारकून म्हणाला, "नोंद दिसत नाही, बाई. नोंदीशिवाय मी बोट कशी सोडू? पुन्हा करून बघा."

चर्च सुटल्यावर लोसालिनेला निरोप मिळाला. रविवारच्या कपड्यांतच ती धावत आली. तिनं जादाचे चार बंद केले, माझी गणती परवान्याशी जुळवली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दार उघडलं.

पहिली आत आली ती मेलेनाइते. तिनं बोट मागितली नाही. आकेसाच्या नावापुढे मृत्यूची वेळ लिहिली.

सोमवारी लोसालिने कमरेला जुनी, फाटकी चटई गुंडाळून आली; आमच्याकडे सुतकात अशी नेसतात.

विलिआमी दचकले. "अगं, तुझ्या घरात कोण गेलं?"

"माझ्या घरातलं नाही."

"मग ही चटई?"

"तुम्हीपण नेसायला हवी, साहेब."

त्यांनी नजर पडद्याकडे वळवली. 'परवाना नियमात' असं मी लिहिलं होतं. "चला, मिटलं एकदाचं," म्हणाले आणि गेले.

नऊ दिवसांनी सही झाली. तोवर साथ ओसरली होती. "वेळीच बंद का केले नाहीत?" असा ठपका लोसालिनेवर आला. ती ऑकलंडला बहिणीकडे निघून गेली. जाताना माझ्या पत्र्यावर थाप मारली नाही.

आता माझे आठही प्रोसेसर रीतसर चालतात, आणि दिवसभर बहुतेक रिकामेच असतात. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर एवढं ऐका : आम्ही इशारा लिहितो तेव्हा उरलेले दिवस बघू नका, पलीकडे कोण वाट बघतंय ते बघा.

मेलेनाइते अजून त्याच बेटावर आहे. रोज पहाटे सगळ्यांआधी ती माझ्याकडे येते. काही लिहीत नाही. दार उघडतं एवढं बघते आणि निघून जाते.