उजवा हब राहिला होता

मी एक जुना हब आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. जीपच्या पुढच्या चाकाच्या मधोमध लोखंडाची एक जाड वाटी बसवलेली असते आणि तिच्यावर फिरवायची एक चकती असते. ती वाटी म्हणजे मी. मी डाव्या चाकावर बसतो. माझा जोडीदार उजव्या चाकावर बसतो. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालो. तरी आजपर्यंत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, कारण आमच्यामध्ये सगळी जीप उभी असते.

आमचं काम सोपं आहे. डांबरी रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांवर चालते. तेव्हा आम्हाला मोकळं सोडतात. चिखल किंवा वाळू आली की चारही चाकांना जोर लागतो. मग कुणीतरी खाली उतरून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला जाऊन आमची चकती फिरवायची असते. खट् असा आवाज झाला की आम्ही चाक घट्ट धरतो. दोघांनीही धरलं पाहिजे. एकट्याने धरून काही उपयोग नसतो, हे लक्षात ठेवा.

सत्तरीच्या दशकात पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला तापवलं, ओतलं, कातलं, घासलं. पुढे फिरत फिरत आम्ही वसईला, पापडीच्या फर्डिनंड यांच्या जीपवर आलो. त्यांची केळीची वाडी होती. सकाळी केळीचे घड बाजारात न्यायचे आणि दुपारनंतर कळंबच्या किनाऱ्यावरून मासळीच्या पाट्या आणायच्या, असा आमचा दिवस असे. जीप नवी आली तेव्हा फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. त्याचे दोन थेंब माझ्याही कपाळावर पडले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढे फर्डिनंड यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. गाडी चालवणं सुटलं. तेव्हा त्यांची मुलगी रेजिना चालकाच्या जागेवर बसली. जीप चालवणारी बाई पाहून सुरुवातीला लोक कुंपणाशी येऊन उभे राहत. काही दिवसांनी त्यांनाही कंटाळा आला. पण हब लावायला मात्र फर्डिनंडच उतरत. ते काम डोळ्यांचं नव्हतं, बोटांचं होतं. ते जीपच्या अंगावर हात ठेवून चालत येत, वाकत, माझी चकती चाचपत आणि फिरवत. मग बॉनेटला हात लावत समोरून वळून माझ्या जोडीदाराकडे जात. खट् ऐकू आलं की म्हणत, "हां, चल." त्यांच्याकडे राहिलेलं हे एकच काम होतं आणि ते त्यांनी कुणालाही करू दिलं नाही. कळंबला वाळू सुरू होण्याआधी सुरूची झाडं लागतात. त्या झाडांखाली, घट्ट जमिनीवर, ते रोज जीप थांबवायला लावत.

चौऱ्याऐंशी साली रेजिनाचा धाकटा भाऊ प्लासिड आखातातून परत आला. येताना त्याने एक परदेशी पिकअप आणली. तिच्याही पुढच्या चाकांवर हब होते, पण त्यांना चकतीच नव्हती. ते स्वयंचलित होते. चालकाने आत बसून दांडा ओढायचा आणि गाडी थोडी पुढे घ्यायची की ते आपोआप चाक धरत. कुणी खाली उतरायला नको, चिखलात हात घालायला नको. अंगणात ती गाडी माझ्या शेजारीच उभी राही. खरं सांगतो, मला तिचं कौतुकच वाटे. त्या हबांची एक सवय मात्र होती. गाडीची दिशा बदलली, पुढची मागे झाली, की ते धरलेलं चाक सोडत आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा धरत. एरवी हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

हळूहळू सगळं काम पिकअपकडे गेलं. आमच्या जीपखाली कोंबड्या बसू लागल्या. माझ्या खाचांत धूळ भरली. प्लासिडचं मन वाईट नव्हतं. बाबांना या वयात गुडघाभर पाण्यात उतरावं लागू नये, असं तो मनापासून म्हणे. कधी कधी संध्याकाळी फर्डिनंड येऊन मला आणि मग माझ्या जोडीदाराला उगाच एकदा फिरवून जात.

आता त्या दिवसाचं सांगतो. पुढच्या वर्षीच्या मेअखेरीची गोष्ट. मासेमारीचा हंगाम संपला होता आणि कळंबला होड्या ओढून वर घ्यायचं काम चाललं होतं. प्लासिड पिकअप घेऊन तिथेच होता. दुपार कलली आणि जयराम सायकल दामटत पापडीला आला. जयराम कळंबचा मच्छीमार. त्याची होडी शेवटची राहिली होती. तिला दोर बांधायला प्लासिडने गाडी उलटी घेत पाण्याजवळ नेली आणि गाडीच रुतली. भरती लागली होती.

रेजिना हातातलं काम टाकून उठली. फर्डिनंड तिच्या आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते. जयराम मागे चढला. सुरूची झाडं आली तेव्हा पिकअपच्या मागच्या चाकांना लाटा लागताना दिसत होत्या. फर्डिनंड म्हणाले की हब लावायचे आहेत, थांब. रेजिना म्हणाली, थोडं पुढे जाऊन थांबते, तिथे वाळू घट्ट आहे. ती थांबली तेव्हा आमची जीप पिकअपच्या अगदी समोर, नाकाला नाक लावून उभी होती आणि आमची चाकं वाळूत बसू लागली होती. पिकअपला आमच्या पुढच्या हुकाला बांधायचं आणि मागे मागे जात ओढून काढायचं, असं ठरलं. जयराम दोर आणायला होडीकडे धावला.

फर्डिनंड उतरले. पाणी घोट्याला लागत होतं. त्यांनी मला चाचपलं, माझ्यातली वाळू अंगठ्याने काढली आणि चकती फिरवली. खट्. मग नेहमीसारखे ते वाकून, बंपरला हात लावत, समोरून उजव्या बाजूला निघाले.

पिकअपची काच वाळूमिश्रित पाण्याने माखली होती. प्लासिडला समोर जीप आलेली अंधूक दिसली. त्याला वाटलं, दोर बांधेपर्यंत आपण एकदा जोर लावून पाहू. तो मघापासून गाडी मागे-पुढे झुलवत होता. मागे घेतली की त्याचे हब सुटत, पुढे घेतली की मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरत आणि गाडी तिथेच राही. इतका वेळ तसंच चाललं होतं. आता त्याने पुन्हा पुढचा गिअर टाकला आणि या खेपेला हबांनी चाक धरलं. एकदम धरलं. पिकअपने उडी घेतली.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मी खड्डे सोसले, दगड सोसले. पण तो आवाज मी ऐकला आणि मला कळलंच नाही की तो कसला आवाज आहे. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो नव्हता. मध्ये काहीतरी होतं.

दोन बंपरांच्या मध्ये फर्डिनंड यांचा डावा पाय होता.

पिकअपचं इंजिन गचका खाऊन बंद पडलं. किनाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं असतील. ती वळून पाहू लागली. फर्डिनंड ओरडले नाहीत. दोन्ही हात पिकअपच्या बॉनेटवर टेकून ते उभे होते, जणू कुणाशी तरी बोलत थांबले आहेत. काचेपलीकडे प्लासिडला आता बाप दिसला. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मग त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मागच्या धुराच्या नळकांड्यात पाणी गेलं होतं. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. माणसं धावली, पुढून रेटू लागली. पण पिकअप वाळूत बसली होती. ती तसूभर हलेना.

आता फक्त आमची जीप हलू शकत होती. रेजिनाने चारही चाकांचा दांडा ओढला, मागचा गिअर टाकला. मागची चाकं भरारा फिरली आणि खड्डा करून बसली. मी माझं चाक जीव खाऊन धरून होतो. पण माझा जोडीदार मोकळा होता. फुटक्या घागरीतून पाणी जावं तसा सगळा जोर त्याच्या बाजूने वाया जात होता. रेजिनाला काही सुचेना. ती पुन्हा पुन्हा तेच करत राहिली आणि जीप खाली खाली जाऊ लागली.

तेव्हा फर्डिनंड बोलले. रोजच्यासारख्या आवाजात बोलले.

"रेजिना, उजवा राह्यलाय. उतर. तो फिरव आणि मग मागे घे. हळू घे."

ती उतरली. जन्मात तिने कधी हबला हात लावला नव्हता. जोडीदाराच्या खाचांत खारी वाळू बसली होती आणि तिची बोटं ओली होती. चकती निसटत होती. जयरामची आई पुतळाबाई पाट्या टाकून धावत आली. तिने लुगड्याचा पदर चकतीवर गुंडाळला आणि स्वतःची मूठ रेजिनाच्या मुठीवर ठेवली. दोघींनी मिळून पिळलं.

खट्.

तो आवाज मला जीपच्या या टोकाला ऐकू आला. रेजिना वर चढली. दात आवळून तिने क्लच सोडला. मी धरलं, त्याने धरलं, आणि जीप एखाद्या म्हशीसारखी वाळूतून मागे निघाली. फर्डिनंड दोर टाकून परत धावलेल्या जयरामच्या अंगावर कोसळले.

त्यांना जीपमध्ये घालून वसईच्या इस्पितळाकडे नेताना मागे वळून कुणी पाहिलं नाही. पुढचं मला नंतर जयरामने रेजिनाला सांगितलं तेव्हा कळलं. प्लासिड गाडीतच बसून राहिला होता. पाणी दारापर्यंत आलं. शेवटी पुतळाबाईने दार उघडलं आणि त्याचा हात धरला. "उतर आता, बाला. पानी चढतंय." तेव्हा कुठे तो उतरला. रात्री समुद्राने पिकअप आडवी केली. तिच्यात दोष नव्हता आणि तिच्या हबांतही नव्हता. जसं काम करायला त्यांना बनवलं होतं तसंच त्यांनी केलं होतं. हे मला अजून पचत नाही.

फर्डिनंड वाचले. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रेजिना रोज पायी इस्पितळात जाई. जीपकडे ती बघतही नसे. प्लासिड इस्पितळाच्या फाटकापर्यंत जाई आणि तिथूनच परत येई. घरी अंगणात बसून राही. चहा आणून ठेवला तर तो थंड होई. एकदा तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे नुसता पाहत राहिला. त्याने मला हात लावला नाही.

मग एका दुपारी रेजिना इस्पितळातून आली आणि त्याच्याजवळ बसली. बाबा आज नीट बोलले, असं तिने सांगितलं. पायाबद्दल नाही, पिकअपबद्दल नाही. त्यांनी विचारलं होतं, जयरामची होडी वर आली का?

होडी आली नव्हती. त्या दिवसानंतर तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. समुद्र उठू लागला होता. दोन-चार दिवसांत लाटांनी तिच्या फळ्या केल्या असत्या आणि जयरामच्या घरी दुसरी होडी नव्हती.

दोघं भावंडं त्याच दुपारी निघाली. सुरूच्या झाडांखाली रेजिनाने जीप थांबवली. प्लासिड उतरला. त्याची बोटं माझ्यावर आली, पण चकतीची खाच त्यांना पटकन सापडेना. त्याने मला लावलं. मग तो जीपच्या पुढून गेला नाही, मागून वळसा घालून गेला आणि उजवा लावला. पुन्हा मागूनच येऊन त्याने मला एकदा तपासलं. त्यानंतर तो बराच लांब, रेजिनाला स्पष्ट दिसेल अशा जागी जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. तेव्हाच रेजिनाने गिअर टाकला.

होडी वर आली. पुतळाबाईने तिच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकावर, हात फिरवला.

तिथून दोघं सरळ इस्पितळात गेली. आज प्लासिड फाटकाशी थांबला नाही. रेजिनाने नंतर घरी सांगितलं की तो खाटेशी जाऊन उभा राहिला. फर्डिनंडना तो दिसला नाही. पण पावलं त्यांनी ओळखली. त्यांनी हात पुढे केला. प्लासिडच्या हाताला वाळू आणि ग्रीस लागलं होतं. त्यांनी ती बोटं चाचपली.

"दोन्ही लावलेस?"

"दोन्ही, बाबा."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि मग प्लासिड रडला.

आज मी जीपवरच आहे. माझी चकती झिजली आहे, तिच्यावरच्या खुणा पुसट झाल्या आहेत. जीप रेजिनाच चालवते. हब प्लासिड लावतो. फर्डिनंड कुबडी घेऊन अंगणात बसतात आणि गाडी परतली की इंजिनाच्या आवाजावरून सांगतात, आज वाळू ओली होती की कोरडी. रस्त्यावर नव्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांतल्या काहींना आमच्यासारखी चकती नसते. असू नये, असंही मी म्हणत नाही. माणसाचे कष्ट वाचत असतील तर ते चांगलंच आहे.

पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. वाळूत जायच्या आधी, पाय कोरडे असताना, जे लावायचं ते लावून घ्या. आणि गिअर टाकण्याआधी विचारा, कुणी खाली उतरलं आहे का? काच पुसा आणि विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. तुम्हाला वाटेल, अपघात वेगाने होतात. मीही तसंच समजत होतो. त्या दिवशी पिकअप धावली नव्हती. ती हातभर पुढे सरकली होती.

फक्त हातभर.