संघ हरेल या भरवशावर

आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ गेली अकरा वर्षं पहिल्याच फेरीत हरत आला होता. तास संपल्याची घंटा कधीमधी दोन मिनिटं उशिरा व्हायची, पण संघाच्या हरण्यात कधी खंड पडला नाही. म्हणून यंदा क्रीडाशिक्षक खेळाडूंच्या सवलतीचा अर्ज घेऊन प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी तो उभ्या उभ्या वाचला आणि सही ठोकून दिली. संघ स्पर्धेतून बाहेर पडला की तीन दिवसांनी खेळाडूंची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची, असं त्यात लिहिलं होतं. सोमवारी जातील, मंगळवारी हरतील, शुक्रवारी परीक्षा, रविवारी मी लेकीकडे. इतका सरळ मामला.

लेकीचे दिवस भरायला पाच आठवडे होते. जावई जहाजावर इंजिनिअर, तो दोन महिन्यांनी परतणार. तिची आई तर केव्हाच गेली. राहिलो मी. 'रविवारी संध्याकाळी दारात उभा राहतो, तू काळजी करू नकोस,' असं मी तिला फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं बाबा."

मंगळवारी संघ जिंकला.

मी म्हटलं, होतं असं कधी कधी. समोरच्या संघाला कावीळ झाली असेल. पुढच्या मंगळवारी पुन्हा जिंकला, आणि तोही बावीस गुणांनी. कॉलेजात वाऱ्यावर वरात निघाली. ज्यांना चेंडू गोल असतो यापलीकडे काही ठाऊक नाही, असे आमचे सहकारी स्टाफरूममध्ये डाव आखायला लागले. फाटकावर फलक लागला. त्यात आमच्या सगळ्यात उंच खेळाडूचा फोटो. त्याला पोरं 'शिडी' म्हणतात. हा शिडी माझ्या प्रयोगशाळेत ब्युरेटच्या काचनळीवरचं रीडिंग वरून वाकून घेतो आणि दर वेळी चुकतो. दोन वर्षं सांगतोय, बाबा रे, गुडघे वाकव, डोळा पातळीला आण. नाही म्हणजे नाही. तो आता फलकावरून माझ्याकडे बघून हसत होता.

मी लेकीला फोन केला. "आणखी एक आठवडा पुढे गेलं बघ. आता हरतीलच."

"बरं बाबा," ती म्हणाली.

तिसरी फेरी जिंकले तेव्हा मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, परीक्षा दुसऱ्या कोणाला तरी घेऊ द्या, मला घरी काम आहे. प्राचार्यांनी चष्मा चढवला, कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. त्यातला नियम मी ओळखला, कारण अक्षर माझंच होतं. खेळाडूंची लांबवलेली परीक्षा वर्गाच्या मूळ शिक्षकानेच घ्यावी, अन्य कोणीही नाही, कोणत्याही कारणास्तव नाही.

हे 'कोणत्याही कारणास्तव नाही' मी हट्टाने घालायला लावलं होतं. अकरा वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी प्रयोगशाळेत पाऊल न ठेवलेल्या खेळाडूला वीसपैकी अठरा गुण दिले होते. मी सभेत टेबल आपटलं, नियम लिहिला, मंजूर करून घेतला. माझ्यासारखा कटकट्या माणूस त्या कॉलेजात दुसरा नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. आता तोच नियम माझ्याच मानेवर बसला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात, अपवाद ठेवला की तिथूनच सगळं गळायला लागतं," प्राचार्य म्हणाले. माझीच वाक्यं लोक नेमकी नको तेव्हा लक्षात ठेवतात.

चौथी फेरीही जिंकले. उपांत्य सामना आला. संघाबरोबर बाकावर एक शिक्षक प्रतिनिधी बसावा लागतो. दर वेळी जाणाऱ्या भाषेच्या सरांची पाठ धरली आणि प्राचार्यांनी मला धाडलं. "मैदानात उतरणारी पाचही मुलं तुमच्याच वर्गातली," ते म्हणाले. "त्यांना बरं वाटेल."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी लाकडी बाकावर दीड तास बसलो. हॉलमध्ये बुटांची किरकिर, शिट्ट्या, ओरडा. कान किटले. क्रीडाशिक्षक माझ्या शेजारी उठत होते, बसत होते, स्वतःचेच केस ओढत होते. मी फक्त समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. सगळ्या हॉलमध्ये त्या घड्याळाकडे इतक्या आशेने बघणारा मी एकटाच असेन. लेकीचे दिवस भरायला आठच दिवस उरले होते. आज हरले असते तर शनिवारी परीक्षा आणि रविवारी मी तिच्याजवळ. लाज वाटते सांगायला, पण आपली पोरं हरावीत म्हणून मी हात जोडायचेच बाकी होते.

आणि ती हरत होती. एका गुणाने मागे होती. शेवटच्या काही सेकंदांत कोणाच्या तरी हाताला लागून चेंडू रेषेबाहेर गेला, पंचांनी शिट्टी मारली. शिट्टी झाली की घड्याळ थांबतं, एवढा नियम मला तासाभरात समजला होता. शिट्टी झाली तेव्हा घड्याळावर सहा होते. टेबलाशी बसलेला घड्याळवाला समोरच्या गर्दीकडे बघत होता. सहाचे पाच झाले, चार झाले, तीन झाले, दोनवर त्याने बटण दाबलं.

मी गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. दोन सेकंदांत काय होतंय? क्रीडाशिक्षकांचं लक्ष पोरांकडे होतं, पोरांचं क्रीडाशिक्षकांकडे. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पण तीस वर्षं मी चुकीचं रीडिंग खोडत आलोय. चुकीचा आकडा दिसला की माझ्या अंगाला खाज सुटते. मी उभा कधी राहिलो तेही मला कळलं नाही.

"सहा!" मी ओरडलो. "अहो, सहा होते! शिट्टी सहाला झालीय! चार सेकंद खाल्लेत तुम्ही!"

पंच टेबलाशी गेले. घड्याळवाल्याच्या शेजारच्या बाईंकडे हातातलं घड्याळ होतं, त्यांनीही मान हलवली. भिंतीवर पुन्हा सहा लागले. मी मटकन खाली बसलो आणि मी काय केलंय ते मला तेव्हा उमगलं.

सहा सेकंद. चेंडू आत आला, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून शिडीकडे. तो उडाला. चेंडू कड्यावर एकदा आदळला, थोडा घुटमळला आणि आत पडला.

एका गुणाने जिंकलो. पोरांनी शिडीला सोडून मला उचललं. घामाने थबथबलेल्या सात-आठ घोड्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी वरून ओरडत होतो, "अरे खाली ठेवा, मूर्खांनो, खाली ठेवा!" त्यांना वाटलं मी आनंदाने ओरडतोय. शिडी तर रडत होता. "सर, तुमच्यामुळे," तो म्हणाला. माझं डोकं भिंतीवर आपटायला मला भिंतही सापडेना.

अंतिम सामना येत्या रविवारी. म्हणजे परीक्षा बुधवारी.

रात्री लेकीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. चार सेकंदांचंही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरोबरच केलंत बाबा. सहा होते तर सहाच म्हणायला हवं." आणि मग नेहमीचं, "बरं, ठेवते."

तिच्या आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशीही माझ्या प्रयोगशाळेत बाहेरचे परीक्षक यायचे होते. मी म्हटलं होतं, बारापर्यंत येतो. लेक पंधरा वर्षांची होती. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून एकटी बसली होती, आणि डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तिला एकटीलाच ऐकावं लागलं. मी पावणेदोनला पोचलो. तिने तेव्हाही मला बोल लावला नव्हता. 'बरं बाबा' हे तिचं तेव्हापासूनचं आहे, आणि मी मूर्ख इतकी वर्षं त्याला समजूतदारपणा म्हणत आलो.

शुक्रवारी दुपारी माझा तास चालू असताना तिचा फोन आला. ती स्वतःहून कधी त्या वेळी फोन करत नाही. "काही नाही, कळवायला केला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले आजच भरती व्हा. तुम्ही घाई करू नका. तुमचं आटपलं की या."

मी खडू खाली ठेवला. पोरांना सांगितलं, घरी जा. प्रयोगशाळेत आमच्या कनिष्ठ मॅडम बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. ह्या मॅडम रीडिंग पुढच्या पूर्ण आकड्याला नेऊन ठेवतात, म्हणून मी चार वर्षांत त्यांना एकही परीक्षा घेऊ दिली नव्हती. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर ठेवला.

"बुधवारी पाच जणांची परीक्षा तुम्ही घ्या."

"पण सर, नियम..."

"मला माहितीये नियम. मीच लिहिलाय तो मेला."

प्राचार्यांच्या टेबलावर दोन ओळींचा अर्ज ठेवला. ते 'अहो, अहो' म्हणत उठले, चौकशी लागेल म्हणाले, परीक्षा रद्द ठरेल म्हणाले. मी म्हटलं, लावा, ठरवा. दारात क्रीडाशिक्षक भेटले, त्यांना रविवारी मी बाकावर हवा होतो. पोरांना मी शुभशकुनी वाटायला लागलो होतो म्हणे! त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाच तासांची बस. संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तर प्रसूती विभागाच्या दारात एक नर्स वही घेऊन बसलेली.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"वडील."

तिने वहीतला फॉर्म बघितला. "आत एकालाच सोडतो. सोबत म्हणून ह्यांनी शेजारच्या बाईंचं नाव दिलंय. त्या आत आहेत."

"अहो, मी बाप आहे तिचा! पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलोय."

"असाल हो. पण इथे तुमचं नाव नाही."

मी फॉर्म हिसकावूनच घेतला. लेकीचं नेटकं अक्षर. सोबतीला कोण, या ओळीवर तिच्या शेजारी राहणाऱ्या टेलरबाईंचं नाव. खाली तारीख होती. तारखा वाचण्यात माझी चूक होत नाही. फॉर्म पाच आठवड्यांपूर्वी भरलेला होता. तेव्हा पहिली फेरीही व्हायची होती. संघ मंगळवारी हरून परत आला असता, तरीही तिने मला हिशेबात धरलंच नव्हतं.

मी फॉर्म परत दिला आणि बाकावर बसलो. पाच आठवडे मी पोरांवर, प्राचार्यांवर, त्या घड्याळवाल्यावर चरफडत होतो. त्या बाकावर चरफडायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

नर्सच आत जाऊन सांगून आली असावी. थोड्या वेळाने टेलरबाई बाहेर आल्या. गळ्यात मोजमापाची फीत तशीच, शिवणावरून उठून आल्या असणार. त्यांनी काही न विचारता पास माझ्या हातात दिला. "जा," त्या म्हणाल्या. "अजून वेळ आहे. मी चहा घेते."

लेक कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून तिने मान वळवली आणि मला बघून तिचा चेहरा पडला. माझ्यासाठी नाही, पोरांसाठी.

"हरले का हो?" तिने विचारलं.

"नाही. परवा फायनल आहे."

तिला ते नीट कळलं नाही. "मग परीक्षा?"

"घेईल कोणीतरी," मी म्हणालो.

तिने उशीत तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं कळ आली. मी नर्सला हाक मारायला वळलो, तर तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.